खिडकीजवळच्या यंत्राचं कुलूप

२२ एप्रिल, सोमवार
वारा नैऋत्येचा, हलका. धुकं दाट. खाडीच्या तोंडावरचा दिवा दिसत नाही, नुसता भोंगा ऐकू येतो.

वाऱ्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला पान लिहिता येत नाही. नऊ वर्षांची असल्यापासून पापांच्या होडीची नोंदवही मीच लिहीत आले. ते सांगायचे, मी लिहायची: वारा, पाण्याची खोली, किती पिंजरे वर ओढले, किती शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, लहान म्हणून परत पाण्यात सोडल्या. पापांची शाळा सहावीत सुटली. त्यांना अक्षरं येतात, पण ती त्यांच्या बोटांना घाबरतात, असं ते म्हणतात. माझा पदवीचा कागद त्यांनी स्वयंपाकघरात हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाशेजारी लावलाय. सकाळी दोन्हींवर टकटक करतात.

आज कामावर एक छोटीशी गोष्ट झाली. छोटीच आहे, पण लिहून ठेवते.

आमचं ऑफिस जुन्या जाळीघराच्या माडीवर आहे. खाली अजून डांबराचा वास येतो. आम्ही सात जण मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवतो, पाण्याखाली गेलेल्या एका गावाचा. त्यात लढाई नाही, पळापळ नाही. खेळणारा नुसता त्या गावातून चालतो, दारं उघडतो आणि शेवटी धक्क्यावर पोचतो. माझं काम चित्रं काढायचं नाही. सगळ्यांच्या फायली ज्या एका जागी जमतात, त्या कोठाराची मी राखण करते. कुणी काय बदललं, कधी बदललं, जुनी प्रत कुठली, हे तिथं नोंदलेलं असतं.

दहा वाजता आमच्या चित्रकार देसमंडनं हाक मारली. "नोएलाबाई, तुझ्या कोठारानं मला दाराबाहेर उभं केलंय."

"कुठली फाइल?"

"धक्का. म्हणतंय, बर्नाडीनकडे आहे. बर्नाडीन तर घरी पडून आहे."

लिहिलेल्या ओळी दोघांनी बदलल्या तर त्या एकत्र शिवता येतात. चित्राचं तसं नसतं. दोघांनी एकच चित्र बदललं तर एकाचं ठेवून दुसऱ्याचं फेकावं लागतं. म्हणून चित्रांच्या फायलींना कुलूप असतं. जो फाइल कामाला घेतो त्याच्या नावानं ती बंद होते, आणि काम परत कोठारात ठेवलं की कुलूप आपोआप सुटतं.

मी नोंद काढून पाहिली. बर्नाडीन थिबोदो. यंत्राचं, म्हणजे फाइल जिथं उघडली त्या कॉम्प्युटरचं, नाव: खिडकी. तारीख: २ जानेवारी.

"तोड की," देस म्हणाला. "एका ओळीचा हुकूम आहे. तुझ्याकडे किल्ल्या आहेत ना सगळ्या?"

आहेत. म्हणूनच तर हात थांबला. मी म्हटलं, उद्या बघते.

बर्नाडीनला मी कधी पाहिलेलं नाही. खेळातलं सगळं पाणी तिनं रंगवलंय. १४ फेब्रुवारीला ती स्वतःच्या स्वयंपाकघरात कोसळली, उजवी बाजू गेली. मी १९ तारखेला इथं रुजू झाले.

२३ एप्रिल, मंगळवार
वारा नाही. धुकं तसंच.

पहाटे स्वप्न पडलं. मी खेळातल्या गावातून चालत होते, पायाखाली वाळू, डोक्यावरून माशांचे थवे. प्रत्येक दाराला बोया टांगलेल्या, आपल्या बंदरातल्यासारख्या. कुणाची पिवळी-काळी, कुणाची हिरव्या पट्ट्याची. मी दाराला हात लावला की त्याची बोय हलकेच वर तरंगायची, जणू पाण्याबाहेर कुणीतरी मला बघत होतं.

आमच्याकडे पिंजऱ्यांच्या दोरीला बांधलेल्या या तरंगत्या बोयांचे रंग घराण्यांचे असतात. दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही, एवढं मला चालायला लागण्याच्याही आधी कळलं असेल.

कॉर्लिस हॅलिफॅक्सहून आला होता. ऑफिस त्याचं. तो वाईट माणूस नाही, फक्त सतत कोट घालूनच बसतो, आता निघालोच असा. म्हणाला, "सतरा मेला खेळ मॉन्ट्रियलच्या प्रदर्शनाला जायचाय. धक्का हे शेवटचं दृश्य आहे. डिसेंबरची प्रत कोठारात आहे, देस ती पुढं नेईल. कुलूप तोड."

"पण तिनं दोन जानेवारीला घेतलीय. दीड महिना काम केलं असेल. ते तिच्या यंत्रावरच असेल, कोठारात आलेलंच नाही. आपण कुलूप तोडून देसचं काम वर ठेवलं तर..."

"मग आधी तिच्या यंत्रात बघ. शुक्रवारपर्यंत. आणि नोएला, श्वास घे जरा."

दुपारी मी डिसेंबरच्या धक्क्यावर जाऊन आले. म्हणजे खेळात. राखाडी फळ्या, राखाडी पाणी, शेवटी एक खांब. काहीच नाही तिथं, तरी मी पुष्कळ वेळ उभी राहिले. चहा गार झाला. खिडकीबाहेर खरा धक्का होता, तोही धुक्यात राखाडी. दोन्हींत मला फारसा फरक वाटेना.

२५ एप्रिल, गुरुवार
वारा लिहायचं सुचत नाही.

'खिडकी' नावाचं यंत्र ऑफिसात कुठंच नाही. सकाळभर शोधलं. मग देसला विचारलं, बर्नाडीन कुठं बसायची?

"इथंच," तो म्हणाला. "खिडकीपाशी. माझं यंत्र मेलं तेव्हा तूच नाही का हे साफ करून दिलंस मला?"

मीच. चार मार्चला. कॉर्लिसनं दिलेल्या यादीत तिसरी ओळ होती: खिडकीजवळचं यंत्र पुसून देसला द्यायचं, नाव बदलायचं. यादीवर माझी हिरवी खूण आहे; यंत्राचं जुनं नाव काय, ते कुणाचं, हे मी वाचलंही नव्हतं. खुणेआधी मी नियमाप्रमाणे तपासलंही होतं. कोठाराला विचारलं होतं, काही फायली उघड्या आहेत का? उत्तर आलं, एकही नाही.

आज मला कळलं की कोठारानं ते उत्तर कुणाबद्दल दिलं होतं. मी माझ्या नावानं आत गेले होते. त्यानं मला माझ्याच फायलींचं सांगितलं. माझ्या एकही उघड्या नव्हत्या. तिच्या नावानं विचारायला हवं होतं. एक शब्द जास्त टाइप करायचा होता.

यादीतल्या पत्त्यावर मी ठरावीक पत्रही पाठवलं होतं: आपलं काही यंत्रावर असल्यास कळवावे. चार दिवस उत्तराची वाट पाहिली. तेव्हा ती हातात चमचा धरायला शिकत होती.

देसला मी हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. "म्हणजे मी तिच्याच खुर्चीत बसून तिचंच कुलूप मागत होतो?" हसायला गेला, पण हसला नाही. "तिला अर्धवट दाखवायला आवडायचं नाही गं. काम पुरं झाल्याशिवाय कोठारात ठेवायचीच नाही. म्हणायची, अर्धा भाजलेला पाव कोण वाढतं?"

२६ एप्रिल, शुक्रवार
कॉर्लिसला सांगितलं. उभ्यानं सांगितलं, हात मागे बांधून, शाळेतल्यासारखं. मला वाटलं होतं, काढून टाकेल. तो कपाळ चोळत म्हणाला, "यादी माझी होती."

"खूण माझी होती."

"बरं, अर्धी अर्धी. यंत्रातून काही परत काढता येतंय का बघ. नसेल तर तोड कुलूप आणि पुढं चल. तिला मी सांगेन."

"मी सांगेन," मी म्हटलं. इतक्या जोरात की तिघांनी माना वर केल्या.

२८ एप्रिल, रविवार
वारा पश्चिमेचा, ताजा. आठ दिवसांनी सूर्य.

चर्चनंतर पापांच्या दोस्ताच्या, लेओनकाकांच्या, छातीच्या दुखण्याची चौकशी करायला सगळे जमले. त्यांना हंगामाच्या अखेरीपर्यंत होडीवर जायला मनाई आहे. म्हणून बंदरातल्या होड्यांनी त्यांचे पिंजरे वाटून घेतलेत. आपापले ओढून झाले की त्यांचे ओढायचे, माल त्यांच्या नावानं उतरवायचा. कुणाला सांगावं लागत नाही. असं इथं नेहमीच करतात.

जेवायला रापूर होता, किसलेल्या बटाट्यांचा भाजलेला, पापांनी वरचा खरपूस थर मला दिला. मग ताटाकडे बघत म्हणाले, "काल लेओनची एक दोरी कापली गेली. माझ्या होडीच्या पंख्यात आली धुक्यात. दहा पिंजरे गेले खाली."

"सांगितलंत त्यांना?"

"तिथूनच तर आलो सकाळी. म्हणाला, ती होय? ती कुजलेलीच होती, आर्मां. टाकूनच द्यायची होती." पापांनी पाव काकवीत बुडवला, खाल्ला नाही. "दोरी नवी होती. ऑक्टोबरात मीच त्याच्यासोबत बसून गाठी मारल्या."

लेओनकाकांना आठवत नसेल. इतक्या औषधांनी होतं तसं.

पापांना माझं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

३ मे, शुक्रवार
वारा आग्नेयेचा, पाऊस.

यंत्रातून काही निघालं नाही. पाच दिवस शोधलं. त्या जागेवर देसच्या फायली इतक्यांदा लिहिल्या गेल्यात की खालचं सगळं दबलंय. आमच्या राखीव प्रती फक्त कोठाराच्या निघतात, यंत्रांच्या नाही.

देस आता जमिनीवर बसून काम करतो, मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्या खुर्चीत बसवत नाही म्हणे. मी विचारलं, तू पाहिलं होतंस का तिचं काही?

"मागून जाताना. दिवे लावत होती धक्क्यावर. पाच की सहा. आणि कुणाचे तरी बूट होते, पिवळे. गुणगुणायची काम करताना. मी हटकलं एकदा, तर म्हणाली, ए हॅलिफॅक्सच्या, चालता हो, पाणी हलतंय माझं."

पाच की सहा दिवे. पिवळे बूट. मी ते इथं लिहून ठेवते. एवढंच उरलंय.

रात्रीऐवजी आजकाल मला दिवसाच स्वप्नं पडतात. पडद्याकडे बघता बघता खोली पाण्याखाली जाते. फळ्यांच्या फटींतून बुडबुडे येतात आणि कुणीतरी गुणगुणत माझ्या मागून जातं. वळून पाहिलं तर देस असतो, सँडविच खात.

५ मे, रविवार
बर्नाडीनच्या घरापर्यंत गेले. खाडीपलीकडे, निळं दार. कुंपणाशी उभी राहिले. वाळत घातलेल्या कपड्यांत एकाच हाताचे मोजे होते, डाव्या. परत आले. पापांना सांगितलं, पूल बंद होता.

मी कधी खोटं बोलत नाही. मला फाडावंसं वाटलेलं हे या वहीतलं दुसरं पान. नोंदवहीचं पान फाडायचं नसतं.

८ मे, बुधवार
वारा नैऋत्येचा. सकाळी धुकं, दुपारी विरलं.

गेले. आधी तिला फोन केला, म्हणजे पळता येऊ नये.

दार तिनंच उघडलं, काठी डाव्या हातात. उंच बाई, पांढऱ्या केसांची, तोंडाची उजवी कड थोडी झोपलेली. शब्द सावकाश येतात, पण पूर्ण येतात.

"कोणाची गं तू?"

"नोएला. आर्मांची. आर्मां फिलियासचा."

"फिलियासची नात!" तिनं मला दिव्याकडे वळवून पाहिलं. "नाक तेच. तुझ्या आजोबांनी माझ्या भावाला एकदा पाण्यातून ओढून काढलं होतं, केसांना धरून. भाऊ आयुष्यभर तक्रार करायचा की फार जोरात ओढलं. ये, चहा कर. मला किटली उचलता येते, ओतता येत नाही. अर्धी बाई आहे मी आता."

चहा केला. कप ठेवायला टेबलावर जागा करताना किटलीखाली एक छापलेला कागद दिसला, चहाचे गोल डाग पडलेला. जुन्या धक्क्याचा फोटो होता, आमच्या लहानपणाआधी वादळात गेला तो. ओल्या फळ्या, पाच दिवे, पाण्यात त्यांची लांब लांब प्रतिबिंबं, आणि कडेला कुणी मुलानं काढून ठेवलेले पिवळे बूट. इतका जुना फोटो, पण रंग किती ताजे होते. तिनं तो हळूच ओढून घेतला, उलटा केला आणि त्यावर साखरेचा डबा ठेवला.

मी सगळं सांगितलं. यादी, हिरवी खूण, चुकीच्या नावानं विचारलेला प्रश्न, पत्र. पाठ करून गेले होते, तरी शेवटचं वाक्य आठवेना. "तुमचं दीड महिन्याचं काम मी पुसलं," एवढं कसंबसं म्हटलं.

बाहेर कुणीतरी होडीचं इंजिन सुरू करत होतं, ते दोनदा बंद पडलं.

मग ती म्हणाली, "कुठलं काम?"

"धक्क्याचं. दोन जानेवारीपासून..."

"अगं, काही नव्हतं त्यात." तिनं डाव्या हातानं हवेत काहीतरी झटकलं, माशी उडवावी तसं. "जानेवारीभर नुसतं मांडायचे आणि मोडायचे. जमतच नव्हतं. शेवटी सगळं पुसून टाकलं होतं मीच. कुलूप ठेवलं, ते त्या हॅलिफॅक्सच्या पोरट्यानं हात लावू नये म्हणून."

"खरंच?"

"लेझारच्या बर्नाडीनला खरं का म्हणून विचारतेस? चहा पी. तुझ्या तोंडावर रंग नाही राहिला."

माझे खांदे इतके दुखत होते हे मला तेव्हा कळलं. सोळा दिवस मी ते वर धरून ठेवले होते. मी रडले, वेड्यासारखी, हसतही होते. तिनं मला रुमाल दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली, मला लाज वाटू नये म्हणून.

देसनं दिवे पाहिले होते म्हणे. पण तिनं ते नंतर पुसले असतील. तिनंच सांगितलं ना.

९ मे, गुरुवार
वारा मंद. पाणी आरशासारखं.

ऑफिसात सांगितलं. कॉर्लिसनं हुश्श केलं. देसनं पडद्यावरून मान वर केली. मग म्हणाला, "काहीच नव्हतं म्हणाली? बर्नाडीन?" आणि बूट बांधायला वाकला. त्याच्या बुटांना बंद नाहीत.

आता कुलूप तोडायला हरकत नव्हती. हुकूम लिहिला. बोट ठेवलं. नाही जमलं. तिनं काही केलेलं असो वा नसो, कोठारात धक्का अजून तिच्या नावावर आहे, आणि कुलूप तोडलं की कोठार आपोआप पत्र पाठवतं: आपली फाइल दुसऱ्यानं घेतली आहे. हे पत्र ती त्या टेबलाशी बसून वाचेल.

पापांना फोनवर विचारलं, लेओनकाकांचे पिंजरे ओढताना बोयांचं काय करता? "काय करायचं? त्याच्याच बोया, त्याच्याच रंगाच्या. पुन्हा त्याच्याच जागी टाकायच्या."

मी कॉर्लिसला म्हटलं, मला आठवडा द्या. धक्का बर्नाडीनच करेल. हात माझे असतील.

"तुला चित्र काढता येतं?"

"नाही. पण मला सांगितलेलं लिहिता येतं. वस्तू कोठारात सगळ्या आहेत, दिवे, फळ्या, दोर. त्या मांडायच्या आहेत फक्त. दिवे लावायला देस मदत करेल."

देस जमिनीवरून म्हणाला, "करेल. कुणी त्याला विचारलं नाही, पण करेल."

१२ मे, रविवार
चार दिवस तिच्याकडे जातेय. लॅपटॉप टेबलावर, ती शेजारी, डोळे मिटून. मी नऊ वर्षांची आहे आणि कुणीतरी मला वारा सांगतंय, असं वाटतं.

"पहिली फळी तुझ्या बोटाएवढी उंच. तिसरी फुटलेली, पण आरपार नाही. पाचव्या खांबावर खिळा, वाकलेला, त्यावर हातमोजे. डावा वर, उजवा खाली."

"असे?"

"उजवा अजून लोंबू दे. ओला आहे तो."

"पाणी?"

"पाणी खालून उजळ. दिवा पाण्यात पडतो ना, तो सरळ नाही पडत, तीन ठिकाणी मोडतो. दुसऱ्या ठिकाणी रुंद. नाही, एवढा नाही. हां. थांब. तिथं थांब."

दिवे किती विचारल्यावर "पाच" म्हणाली, विचार न करता. मी विचारलं, कडेला पिवळे बूट ठेवू का, तुमच्या त्या फोटोत आहेत तसे? ती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठेव. उजव्याचं तोंड समुद्राकडे."

कधीच न जमलेली गोष्ट तिला इतकी तपशिलानं कशी माहीत, याचं मला नवल वाटतं. बहुतेक चित्रकारांचं असंच असेल. हात चालत नसला तरी आत सगळं बनून तयार असतं.

काम करताना ती गुणगुणते. पहिल्या दिवशी नव्हती गुणगुणत.

१५ मे, बुधवार
वारा नैऋत्येचा, धुकं.

काम झालं आणि कुलूप अडलं.

तिनं स्वतःच्या नावानं आत जायला हवं होतं, परवलीचा शब्द डाव्या हातानं एकेका बोटानं टाइप केला, मला तोंड फिरवायला लावून. कोठारानं तिला ओळखलं. पण धक्का ठेवू देईना. म्हणालं, ही फाइल या जागेवर उघडलेली नाही.

"मला ओळखतो आणि आत घेत नाही," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई अशाच होत्या."

दोन तास गेले. मग उमगलं. कुलूप नुसतं माणसाच्या नावावर नसतं. माणूस, त्याची कामाची जागा आणि यंत्र, तिन्ही मिळून असतं. बर्नाडीन, 'खिडकी'वरची. ती विचारते तसंच कोठारही विचारतं, कोणाची गं तू? आणि 'खिडकी' तर मी चार मार्चला जगातून पुसली होती.

पण पुसलं होतं यंत्रावरचं. त्या जागेची नोंद कोठारात अजून होती. कोठाराच्या लेखी खिडकीजवळचं यंत्र अजून चालू होतं, बर्नाडीन तिथं बसली होती, जानेवारी होता. मी माझ्या लॅपटॉपला 'खिडकी' हे नाव दिलं. तिच्या जुन्या फोल्डरच्याच वाटेवर तसंच फोल्डर बनवलं आणि नवा धक्का त्यात ठेवला. पापा लेओनकाकांच्या बोया पाण्यात सोडतात, तसा.

"आता तुम्ही दाबा," मी म्हटलं.

तिनं उजवा हात टेबलावर उचलून ठेवला. डाव्या हातानं त्याची तर्जनी सरळ केली आणि ती कळीवर आणून दाबली. खूप वेळ दाबूनच ठेवली.

पडद्यावर एक ओळ आली. धक्का, बर्नाडीन थिबोदो, खिडकी, १५ मे. कुलूप नाही.

नोंदीत काय काम केलं ते एका वाक्यात लिहायचं असतं. मी विचारलं, काय लिहू?

"लिही, पुन्हा मांडला," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "नाही. 'पुन्हा' खोड. मांडला, एवढंच लिही."

मी तसं लिहिलं.

१६ मे, गुरुवार
सगळ्यांनी मिळून शेवट पाहिला. पाण्याखालचं गाव, शेवटची गल्ली, आणि मग फळ्या. देस चालत चालत कडेपर्यंत गेला, पिवळ्या बुटांपाशी थांबला आणि पुढं जाईना. "झालं ना," कॉर्लिस म्हणाला. त्यानं कोट काढला होता.

देसनं माझ्याकडे न बघता विचारलं, "बूट तुला तिनं सांगितले?"

"मीच विचारलं. तिच्याकडे जुन्या धक्क्याचा फोटो आहे."

"फोटो," देस म्हणाला. नाक पुसलं. "हो. असेल."

संध्याकाळी तो पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला.

३१ मे, शुक्रवार
वारा वायव्येचा, स्वच्छ. खाडीचं तोंड, दिवा, पलीकडची बेटं, सगळं दिसतंय.

हंगाम संपला. दिवसभर होड्या पिंजरे घेऊन येत होत्या, धक्क्यावर रचत होत्या. लेओनकाकांचेही आले. पापांनी त्यांच्या ढिगाशेजारी नवे दहा ठेवले, नव्या दोरीसकट, लेओनकाकांच्या रंगाच्या बोया लावून. लेओनकाका काठी टेकत आले, ढीग मोजला, पापांकडे पाहिलं. मग दोघंही हवेबद्दल बोलले.

मग होडीवर बसून मी पापांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. यादी, खूण, पुसलेलं यंत्र, पूल बंद नव्हता तेही. ते ऐकत होते, दोर गुंडाळत.

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, काहीच नव्हतं त्यात. तिनंच पुसून टाकलं होतं. नशीब माझं, पापा."

पापांचे हात थांबले. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जशी मी अजून नऊ वर्षांची आहे आणि नोंदवहीत काहीतरी चुकीचं लिहिलंय, पण अक्षर चांगलं आहे. मग त्यांनी डब्यात हात घातला. शेवंडी उचलून उचलून पाहिल्या, दोन परत ठेवल्या, आणि सगळ्यांत मोठी काढली. तिच्या नांग्यांना स्वतः रबर बांधलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"बर्नाडीनला देऊन ये," ते म्हणाले. "आत्ताच जा. तिला सांग, आर्मांनं पाठवलीय."

"का पाठवली म्हणून विचारलं तर?"

"ती विचारणार नाही," पापा म्हणाले.

तिनं विचारलं नाही.